ब्रदरांच्या शिक्षणाला देणगी: त्या मेसेजला माझं उत्तर

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. शेवटी माझ्या मेहुण्यानेही तो पुढे ढकलला, तेव्हा लिहायला बसलो. मेसेजचा सारांश असा (सेमिनरी म्हणजे कॅथलिक फादर व्हायला निघालेल्या मुलांचं, आमच्या ब्रदरांचं, विद्यालय): "सेमिनरीला देणगी देऊ नका. व्हॅटिकन गडगंज आहे, ते बघून घेईल. प्रार्थना म्हणायला दहा वर्षं शिकायचं कशाला? निम्मी मुलं तर मधूनच सोडतात, पैसा पाण्यात. संत पौल तंबू करून पोट भरायचा, यांनाही कमवू द्या. हिशेब कोणी देत नाही. त्यापेक्षा सोलापुरातल्या गरीब पोरांची फी भरा."

मी आमच्या चर्चच्या हिशेबाचं काम बघतो. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की आम्ही तिघं टेबलावर पेटी उलटी करतो. सेमिनरीसाठीच्या पाकिटांतून चार-चार घड्या घातलेल्या दहा-वीसच्या नोटा निघतात. काही नोटांना तंबाखूचा वास असतो, कारण त्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातातून आलेल्या असतात. "पैसा पाण्यात" हे शब्द म्हणूनच मला झोंबले.

व्हॅटिकनचं आधी बघू. रोमकडून मदत येते, हे खरं. पण ती मदत जमते कुठून? १८८९ मध्ये जपानातल्या नागासाकीच्या बिशपांनी फ्रान्समधल्या कां शहरी पत्र पाठवलं होतं: मुलं धर्मगुरू व्हायला तयार आहेत, पण त्यांना शिकवायला पैसे नाहीत. ते वाचून स्तेफानी बिगार आणि त्यांची मुलगी जान या दोघींनी घरोघर मदत मागायला सुरुवात केली. तीच पुढे संत पेत्राच्या नावाची संस्था झाली आणि १९२२ मध्ये पोपनी ती आपल्या छत्राखाली घेतली. आजही ती जगभरातल्या साध्या भाविकांकडून गोळा करते आणि भारतासारख्या देशांतल्या सेमिनऱ्यांना देते. म्हणजे "व्हॅटिकन बघून घेईल" याचा अर्थ दुसऱ्या देशातली कोणीतरी आजी बघून घेईल, एवढाच. शिवाय २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच घ्यावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. परदेशावर विसंबून राहायचे दिवस गेले.

दहा वर्षं कशाला? चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञानाची किमान दोन आणि ईशज्ञानाची, म्हणजे धर्मशास्त्राची, किमान चार वर्षं पूर्ण करावीच लागतात. त्याआधीची तयारी आणि मधला प्रत्यक्ष कामाचा काळ वेगळा. आणि सोलापूरचं काय सांगू! इथे मराठीत मिस्सा म्हणायची, तेलुगू घरात मर्तिकाला जायचं आणि कानडी आजीचं दुखणं ऐकायचं. अर्धवट शिकलेला माणूस इथे एक आठवडा टिकणार नाही. शेजारच्या उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका कॅथलिक धर्मगुरूला महाराष्ट्राने तो मान दिला, तो काय नुसत्या प्रार्थना पाठ होत्या म्हणून?

आता सोडून जाणारे. "निम्मी" हा आकडा कुठून आणला, ते मेसेजमध्ये नाही. मुलं सोडतात, हे मात्र मी नाकारत नाही. माझा चुलतभाऊ तत्त्वज्ञान संपवून घरी परतला. त्या वर्षी काका कोणाशी धड बोलत नव्हते. आज तो अक्कलकोटकडे एका शाळेत मास्तर आहे. वर्गातलं कुठलं पोर उपाशी आलंय, हे त्याला चेहऱ्यावरून कळतं, आणि ते कुठे शिकला असं विचारलं तर तो सेमिनरीचंच नाव घेतो. तो पैसा बुडाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसरं असं, की सेमिनरी ही पारखायची जागा आहे. पंचविशी पूर्ण होण्याआधी गुरुदीक्षा देत नाहीत, ते उगाच नाही. ज्याला हे जमणार नाही, त्याने दीक्षेनंतर मोडण्यापेक्षा आधी बाहेर पडलेलं शंभरदा बरं.

बायबलमधल्या पौलाचा दाखला अर्धाच दिला आहे. करिंथ शहरात तो तंबू करायचा, बरोबर. पण फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना तोच पौल, थेस्सलनीका शहरात असताना तुम्ही मला एकदा नव्हे दोनदा मदत पाठवलीत, म्हणून त्यांची आठवण काढतो. आणि शास्त्र तो शिकला ते गमलियेल या यहुदी गुरूच्या पायाशी बसून. मागावर बारा तास उभं राहून रात्री अभ्यास करणं काय असतं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. स्वतःच्या पैशाने शिका म्हटलं, तर फक्त पैसेवाल्यांची मुलं फादर होतील. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सेमिनऱ्या सुरू करायचं ठरवलं, तेव्हाच लिहून ठेवलं होतं की प्राधान्य गरिबांच्या मुलांना द्या, आणि श्रीमंतांची मुलं आली तर त्यांनी आपला खर्च आपण करावा.

हिशेबाचा मुद्दा मला मान्य आहे. मीही एकदा एका संस्थेला पैसे पाठवून आठ महिने पावतीची वाट पाहिली आहे. पण त्यावर उपाय मागणं हा आहे, थांबणं नव्हे. ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते वापरायचं आणि भाविकांना हिशेब द्यायचा, हे चर्चच्या कायद्यातच आहे. विचारा. बिनधास्त विचारा.

आणि गरीब पोरांची फी? जरूर भरा, मीही भरतो. पण यंदा पुण्याच्या सेमिनरीत निघालेला आमच्या गल्लीतला मुलगा कोण आहे? आई विड्या वळते, वडिलांचा माग बंद पडून सहा वर्षं झाली. गरीब पोर म्हणतात ते हेच. परवा त्याच्या घरी गेलो, तर पत्र्याची ट्रंक दारात उघडी होती. तळाशी दोन चादरी, वर कडक शेंगाचटणीची बरणी, आणि आई झाकणावर खडूने त्याचं नाव लिहीत होती. हुतात्मा एक्स्प्रेसने जाणार आहे.

पाकिटं चर्चच्या दाराशी, पवित्र पाण्याच्या भांड्याजवळ ठेवली आहेत. नाव लिहिलंत, तर पावती मी स्वतः घरी आणून देईन.