गायक बदलावा, पाटी बदलू नये

कुडाळ, मालवण किंवा रत्नागिरी यांपैकी कोठेही राहून हार्ड रॉकचा बँड काढण्याचा आणि तो पुढची तीस-चाळीस वर्षे चालवण्याचा आपला निर्धार झाला असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रमचा संच कर्जाऊ मिळतो, खाऱ्या हवेने गंजलेल्या तारा पुन्हा पुन्हा बदलता येतात, आणि आंब्याच्या पेट्या भरण्याची शेड हंगाम सरला की तालमीला मोकळी होते. तेथे रचून ठेवलेला भाताचा पेंढा आवाज बऱ्यापैकी शोषून घेतो आणि त्यात वस्तीला असलेले उंदीर कोणत्याही प्रकारच्या संगीताविषयी ग्रामपंचायतीकडे तक्रार करीत नाहीत. खरी अडचण गायकाची आहे. तो मिळत नाही असे नव्हे. तो मिळतो, चार कार्यक्रम गाजवतो आणि मग बँड म्हणजे आपणच, अशी स्वतःची समजूत करून घेतो.

ही समजूत वेळेवर कशी काढावी, याचे शास्त्रशुद्ध शिक्षण डीप पर्पल या ब्रिटिश बँडने जगाला दिलेले आहे. १९६८ साली हा बँड निघाला तेव्हा रॉड इव्हान्स गात असे, आणि ‘हश’ हे त्यांचे गाणे अमेरिकेत चांगले चाललेही. तरीही वर्षभरात बाकीच्यांना वाटू लागले की आपल्याला जे दणदणीत संगीत करायचे आहे, ते या गळ्याला पेलणारे नाही. एखाद्या भाबड्या मंडळाने इव्हान्सला बोलावून तसे सांगून टाकले असते. यांनी इयन गिलन हा गायक आणि रॉजर ग्लोव्हर हा बासवादक आणून गुपचूप तालमी सुरू केल्या, आणि तोवर जुना संच ठरलेले कार्यक्रम इमानेइतबारे करीत राहिला. कोकणात या पद्धतीत एक व्यावहारिक दोष आहे: शेडमध्ये नवा आवाज लागल्याची बातमी बाजारपेठेत पोचायला एक चहा होण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून नव्या गायकाची तालीम आंबोलीचा घाट चढून वर घ्यावी, तीही पावसाळ्यात. तेथे आषाढात शेजारच्या माणसालाही काही ऐकू जात नाही.

नवा गायक आल्यावर काही काळ भरभराटीचा जाईल. गिलनच्या काळात १९७० मध्ये ‘इन रॉक’ आणि १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ हे अल्बम आले. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रँक झापा या अमेरिकन संगीतकाराच्या कार्यक्रमात कोणा प्रेक्षकाने फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा जळता बाण, उडवला, अख्खा कॅसिनो जळाला आणि सरोवरावर पसरलेल्या त्या धुराचे यांनी ‘स्मोक ऑन द वॉटर’ केले. अशा भरभराटीच्या काळातच एकमेकांशी बोलणे बंद करायचे असते, ही गोष्ट होतकरू बँड नेहमी विसरतात. गिलनने १९७२ मध्येच लेखी राजीनामा पाठवला आणि तरीही जून १९७३ मध्ये जपानमधील ओसाकाच्या कार्यक्रमापर्यंत तो गात राहिला. आपणही राजीनामा लेखीच घ्यावा, आणि गणपतीतल्या सुपाऱ्या आटोपेपर्यंत तो खिशात ठेवावा.

पुढचा गायक कोठून आणावा, याची चिंता करू नये. डेव्हिड कव्हरडेल हा निवड झाली तेव्हा कपड्यांच्या दुकानात काम करीत होता, आणि एप्रिल १९७४ मध्ये तो कॅलिफोर्निया जॅमच्या अफाट गर्दीसमोर उभा होता. त्याच कार्यक्रमात ब्लॅकमोर या गिटारवादकाने टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली आणि अ‍ॅम्प्लिफायरला आग लावली. आपले अ‍ॅम्प्लिफायर अजून पतपेढीच्या कर्जात असतील, तर हा भाग सध्या वगळावा. अलीकडे तर दुकानातही जावे लागत नाही. जर्नी या अमेरिकन बँडने २००७ मध्ये आपला गायक, फिलिपिन्सचा आर्नेल पिनेडा, यूट्यूबवर शोधला.

नव्याने जुन्याची गाणी गायची असतात. जुना परत आला की त्याने मात्र मधल्या माणसाची गाणी गाऊ नयेत. गिलनने कव्हरडेलच्या गाण्यांच्या बाबतीत हा सोवळेपणा काटेकोरपणे पाळला आहे. आपण कोणालाही उभे केले तरी तिसऱ्या गाण्याच्या सुमारास मागच्या रांगेतून ‘रे, तो आदलो खंय गेलो?’ असा प्रश्न येणारच. प्रश्न विचारणारा ‘आदलो’ गात होता तेव्हा त्याच्या आधीच्याची चौकशी करीत होता, हे ध्यानात ठेवून आवाज वाढवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे: नाव. बँडचे नाव म्हणजे सामायिक कलमांची बाग आहे. सातबाऱ्यावर कोण आहे ते आधी पाहावे, मोहोर नंतर. १९७६ मध्ये डीप पर्पल मोडला. १९८० मध्ये त्याच रॉड इव्हान्सने अनोळखी वादक जमवून डीप पर्पल याच नावाने कार्यक्रम सुरू केले. प्रकरण न्यायालयात गेले, लाखो डॉलरांची भरपाई बसली आणि पहिल्या तीन अल्बमांच्या मानधनावरही त्याला पाणी सोडावे लागले. ज्याला काढताना कोणी विचारले नव्हते, त्याला नाव वापरताना मात्र सर्वांनी विचारले. आपणही कागद आजच करून घ्यावा. नाहीतर आपण काढलेला गायक चार चाकरमानी पोरे घेऊन शेजारच्या वाडीत आपल्याच नावाने उभा राहील, आणि सुपारी आपल्यापेक्षा जास्त घेईल.

काढलेल्याशी संबंध मात्र तोडू नयेत. १९८४ मध्ये गिलनसह जुना संच पुन्हा जमला, १९८९ मध्ये गिलनला काढले, ‘जो लिन टर्नर’ नावाच्या गायकाला घेतले, १९९२ मध्ये टर्नरला काढून पुन्हा गिलनला आणले. भाऊबंदकीची सवय असल्याने कोकणी माणसाला यात वावगे काही वाटू नये. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये, दौरा चालू असताना, ब्लॅकमोर स्वतःच निघून गेला. गिलन आजही गातो आहे. तेव्हा आपण गिटार वाजवत असाल आणि हे सल्ले विशेष आवडीने वाचत आला असाल, तर हा परिच्छेद कापून ठेवावा.

१९६८ पासून आजवर डीप पर्पलच्या प्रत्येक संचात असलेला माणूस एकच आहे: ड्रमर इयन पेस. यावरून आपल्या बँडचा ड्रमर निवडणे सोपे आहे. ज्याच्या आजोबांची ती आंब्याची शेड आहे, त्यालाच तेथे बसवावे. आणि त्याला गाता येत असले, तरी गाऊ देऊ नये.