परदेशी पाहुण्या शाळेत येणार? मग एवढं कराच

परवा आमच्या शाळेवर जपानहून एक शिक्षिका येऊन गेल्या, एका दिवसासाठी. सकाळी चौथीला दोन तास शिकवायचं, दुपारी पोरांसोबत वेरूळ बघायचं, एवढाच त्यांचा बेत. तो आम्ही कसा निकालात काढला ते सांगतो, तुमच्याही कामी येईल.

पहिलं, दिवस मंगळवारचाच धरा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण साहेबांना बुधवारी मीटिंग असते, आणि साहेबांपुढं चौतीस लेण्यांची काय मिजास?

शौचालयाचं कुलूप आदल्या दिवशी काढा. पाहुण्यांची गाडी फाट्याला लागली की परत लावा.

सत्कारात कसूर नको. बाई ठरल्याप्रमाणं साडेदहाला हजर होत्या (परदेशी लोकांची ही खोड असते, मनावर घेऊ नका). आल्या आल्या त्यांनी वर्गाच्या दारातल्या पोरांच्या चपला वाकून सरळ लावल्या, तेव्हा आमचे हेडसर धावले, "अहो मॅडम, शिपाई आहे ना!" व्यासपीठावरची मंडळी पावणेबाराला उगवली. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, फेटा, शाल, नारळ. नुसता बाईंचा सत्कार करून भागत नाही, प्रत्येक खुर्चीचा झाला पाहिजे. एखादं नाव राहिलं तर पुढं वर्षभर तुम्हालाच भोगायचंय. मग भाषण. आमच्या प्रमुख पाहुण्यांनी पस्तीस मिनिटं भारत जगाचा गुरू कसा आहे ते सांगितलं, जगातून आलेली शिक्षिका समोर घाम पुसत बसलेली असताना. दुभाषा मी. बाईंनी हळूच विचारलं, "काय म्हणताहेत?" म्हटलं, तुमचं स्वागत करताहेत. दहा मिनिटांनी परत विचारलं. म्हटलं, अजून स्वागतच चालू आहे. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

शिकवायला तेरा मिनिटं भरपूर होतात. मी घड्याळ लावून सांगतोय.

त्या तेरा मिनिटांत काय झालं तेही ऐका. बाईंनी रंगीत चौकोनी कागद वाटले. एक घडी, अर्धा. परत घडी, पाव. तिसरी घडी घालून कागद उलगडला आणि नुसत्या बोटानं घरं मोजायला लावली. ज्या पोरानं जूनपासून वर्गात तोंड उघडलेलं नाही, ते बाकावर उभं राहून ओरडलं, "सर, एक छेद आठ!" अपूर्णांकांवर मी दोन महिने खडू झिजवतोय. मग त्याच कागदांचे बगळे करायला घेतले. चोच झाली, शेपूट झालं, एक पंख खाली आला, आणि दारातून आवाज, "चला चला, ग्रुप फोटो!" फोटोत पोरं मागं. पुढं खुर्च्या.

स्थळदर्शनाला गाड्या दोनच सांगा, म्हणजे पोरांना जागा उरत नाही. बाई विचारत राहिल्या, मुलं कुठायत? त्यांना मुलांसोबत दहा नंबरचं लेणं बघायचं होतं. ते चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह. छताला लाकडी वाशासारख्या फासळ्या आहेत ना, त्या पोरांकडून मोजून घ्यायच्या होत्या. वहीत चित्रसुद्धा काढून आणलं होतं. आम्ही त्यांना बंद फाटक दाखवलं. तिथून उलटं फिरून दौलताबादच्या अरुंद दिल्ली दरवाजात गाड्यांच्या कोंडीत अडकलो, आणि शहरात शिरलो ते थेट एका साहेबांच्या मेव्हण्याच्या पैठणीच्या दुकानात. दोन तास! बाईंना साडी घ्यायचीच नव्हती. साहेबांच्या मिसेसला घ्यायची होती. बीबी का मकबरा अंधारात, गाडीच्या काचेतून.

आता गंमत पुरे. अरे, लाज कशी वाटत नाही? वेरूळ आमच्या शाळेपासून बारा किलोमीटर. पंधरा वर्षांच्या आतल्या लेकरांना तिथं तिकीटही लागत नाही, फुकट आहे. तरी माझ्या चौथीतल्या सव्वीस पोरांपैकी एकोणीस जणांनी कैलास लेणं पुस्तकातल्या चित्रातच पाहिलंय. एक बाई समुद्र ओलांडून त्यांना तिथं न्यायला आली होती आणि तिच्या गाडीत तुम्ही बसलात! ढेरी सावरत, ढोकळा खात बसलात! आणि मीही बसलो. पुढच्या सीटवर, दुभाषा म्हणून. "साहेब, मंगळवारी वेरूळ बंद असतं," एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ते तर मराठीतच बोलायचं होतं.

ते पोरगं रोज एका पंखाचा बगळा दप्तरातून काढून टेबलावर ठेवतं. "सर, दुसरा कसा दुमडायचा?" मला येत नाही. ज्यांनी फोटोला हाक मारली, त्यांनी येऊन शिकवावं. सत्काराला नारळ आहे शिल्लक, बाई तो इथंच विसरून गेल्या.