पावसातली मुंबई आणि सांगलीचं भडंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक जाणकार प्रवासी, सातारा' यांना सप्रेम नमस्कार.

'मुंबई बघायची तर पावसात' या माझ्या लेखावर आपण रविवारी पहाटे पावणेसहाला प्रतिक्रिया लिहिलीत. एवढ्या पहाटे उठून कुणी आपलं वाचतंय म्हणून बरं वाटलं. ते बरं वाटणं तिसऱ्या ओळीपर्यंत टिकलं.

बाकीच्या वाचकांसाठी साहेबांचं म्हणणं आधी सांगतो. मुंबईला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे शेंबडं पोरही सांगेल. पावसात लोकल बंद पडतात, रस्ते तुंबतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन दोन दिवसांसाठी जाणाऱ्या कुटुंबाला जुलै-ऑगस्टात तिकडे पाठवणं हा बेजबाबदारपणा आहे. गेटवेहून मांडव्याला बोटीनं जा असं मी लिहिलंय, पण त्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. एकीकडे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा म्हणतो आणि दुसरीकडे नारळी पौर्णिमेला वरळी कोळीवाड्यात जा म्हणतो. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली, ते मी विसरलो काय? फ्लेमिंगो हिवाळ्यात असतात, पावसात नसतात. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "सांगलीत गॅलरीत भडंग खात बसून मुंबईच्या पावसावर लिहायला काय जातंय?"

आधी भडंगाचं बघू.

मतभेद असावेत, साहेब. माझ्या लेखांवर लोक कायम वाद घालतात आणि मला ते आवडतं. पण वाद घालायची एक रीत असते. तुमची बाकीची वाक्यं मी दोनदा वाचली, हे एक नऊ-दहा वेळा वाचलं. त्यात भडंग आणायचं काही कारण होतं का? मी लेखात कुठं कंदी पेढ्यांचा विषय काढला होता? राजवाड्यासमोर पेढे खात उभ्या असलेल्या माणसाला मुंबईतलं काय कळणार, असं मलाही लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. आत्ताही लिहीत नाही.

शिवाय आमच्या घराला गॅलरीच नाही. विश्रामबागेत तळमजल्यावर राहतो.

आणि पाऊस म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, हे सांगलीच्या माणसाला शिकवायचं? आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा गावभागातल्या माझ्या मावशीला पहिल्या मजल्याच्या खिडकीतून होडीत उतरवलं होतं. तिचं वय तेव्हा एकोणऐंशी. होडीत बसताना तिनं हातातली लोणच्याची बरणी सोडली नाही, हे आमच्या घरात अजून सांगतात. कोयनेतून किती क्युसेक सुटलं याचे आकडे त्या आठवड्यात आम्ही जपासारखे म्हणत होतो. ते पाणी तुमच्याच जिल्ह्यातून येतं, पण तोही विषय मी काढत नाही.

आता 'बसून लिहायला काय जातंय' याबद्दल.

मी १९९६ ते २००७ मुंबईत होतो. राहायला काळाचौकीत, गावच्या खोलीवर. गावची खोली म्हणजे काय हे सातारकराला सांगायला नको. पाटण, जावळी, आमचा शिराळा, इकडची किती माणसं गिरणीत गेली आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीनं झोपली. माझे काका त्यातलेच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही. खोली तेवढी राहिली. त्या खोलीत मी अकरा पावसाळे काढले. जूनमध्ये दोरीवर टाकलेली पँट सप्टेंबरात वाळते असं काका म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. कोपऱ्यात गळायचं तिथं घमेलं. घमेल्यात थेंबाचा आवाज येऊ नये म्हणून त्यात फडकं. हे मी वाचून लिहीत नाहीये.

२६ जुलै २००५. तारीख तुम्ही लिहिली नाहीत, मीच लिहितो. अंधेरीत औषधांच्या एका कंपनीत हिशेबाला होतो. साडेचारला निघालो. लोकल बंद, रिक्षा नाही, हायवेवर गाड्या जागच्या जागी उभ्या. वाकोल्याला पाणी छातीपर्यंत. पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं चाललो होतो, कारण गटाराची झाकणं कुठं उघडी आहेत ते दिसत नव्हतं. डाव्या पायातला बूट तिथंच गेला. कलानगरपाशी बेस्टची दुमजली बस अडकली होती, तिच्या वरच्या मजल्यावर रात्र काढली. शेजारी एक बाई होत्या, त्यांची मुलगी शाळेतून घरी पोचली की नाही ते त्यांना माहीत नव्हतं. फोन लागत नव्हते. पहाटे कुणीतरी खालून ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे वर फेकले, कुठल्याशा वस्तीतली पोरं होती. दुसऱ्या दिवशी अकराला, एका बुटावर, काळाचौकीला पोचलो.

तेव्हा कोण बसून लिहितंय ते एकदा ठरवा.

(हे उत्तर टाकायच्या आधी एका मित्राला वाचायला दिलं. तो म्हणाला, हा किस्सा तू नक्की कुणाच्या बाजूनं सांगतोयस? त्याला म्हटलं, मुद्दा तो नाही. मला माहीत आहे, हा मुद्दा आहे.)

आणि त्याच दिवसाची दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस. फोर्ट-कुलाब्याकडे उतरलेला पाहुणा आणि कुर्ल्यातला माणूस यांचा पाऊस एक नसतो. 'मुंबईत पाऊस' असं सरसकट म्हणणारा माणूस जाणकार कसा, हे मला कळलेलं नाही.

मांडव्याच्या बोटीचं तुमचं बरोबर आहे. गेटवेहून सुटणाऱ्या त्या लाँचा पावसाळ्यात बंद ठेवतात, समुद्र खवळलेला असतो. मी मार्चमधला अनुभव जुलैच्या लेखात घातला, चूक झाली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी रो-रो बोट २०२० पासून आहे, ती हवामान बरं असेल तर पावसातही चालते. ते लिहायला हवं होतं. चूक कबूल करायला मला कधीच कमीपणा वाटला नाही. ती दाखवताना 'साधी चौकशी करायचे कष्ट न घेता' एवढे शब्द जादा घातले नसतेत, तर आभारही मानले असते.

महालक्ष्मी एक्स्प्रेस. हो, २७ जुलै २०१९, उल्हास नदीचं पाणी, हजारावर माणसं, त्यांना एनडीआरएफनं आणि नौदलानं काढलं. आठवतंय. पण ती गाडी मुंबईहून कोल्हापूरला निघाली होती. मी लेख मुंबईला जाण्यावर लिहिलाय.

नारळी पौर्णिमा वर्षातून एकदा येते आणि ती दोन वाक्यं वेगवेगळ्या परिच्छेदांत आहेत. संदर्भ बघून वाचावं. फ्लेमिंगोंसाठी मुंबईला कशाला जायला हवं? भिगवणला येतात. तुमच्याच जिल्ह्यात खटाव तालुक्यात मायणी आहे, पिढ्यान् पिढ्या नाव आहे तिचं. घरचं सोडून शिवडीच्या चिखलात दुर्बीण लावायची हौस असेल तर जरूर जा.

आता मोसमाचं. तुमचं सगळं म्हणणं एका गृहीतकावर उभं आहे: मोसम म्हणजे अंगाला सुखाचा असतो तो. मला हेच पटत नाही. तुमच्याकडे पाहुणे आले तर कास पठारावर तुम्ही त्यांना कधी पाठवता? डिसेंबरात हवा किती छान असते! पण डिसेंबरात कासला वाळकं गवत आणि कातळ. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, धुक्यात, चिखलात, भुरभुर पावसात. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलं ते त्याच पठाराचं जीवन बघून, तिथल्या थंडीतल्या उन्हामुळं नाही. लोक भिजत जातात आणि तुम्ही सातारकर त्यांना भिजत पाठवता. मग मुंबईनंच काय घोडं मारलंय?

आणि तो तुमचा हिवाळा तरी कसा असतो? आपल्याकडे डिसेंबरात रात्री दोन गोधड्या लागतात; मुंबईत पंखा लागतो. वर हवा. पावसाळ्यात समुद्रावरचं वारं शहर धुऊन काढतं. थंडीत तेच वारं मंदावतं, दिशा बदलतं, आणि बांधकामांची धूळ नि गाड्यांचा धूर शहरावर बसून राहतो. २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तर मुंबईच्या हवेची उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली होती. मरीन ड्राइव्हवर उभं राहून मलबार हिल धुरकट दिसते, आणि ह्याला म्हणायचं सीझन.

कान्हेरीचं मी लेखात तीन ओळींत उरकलं, तिथं खरं तर जास्त लिहायला हवं होतं. तुम्ही तोही मुद्दा काढला नाहीत, म्हणजे बहुधा गेला नसाल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगरावर शंभरहून अधिक लेणी, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेली पाण्याची पोढी. वर छपरासारख्या खडकावर पन्हळी कोरल्यात, त्यातून पाणी उतरून पोढीत पडतं. डिसेंबरात गेलात तर ते भोक पडलेले दगड वाटतात. गाइड सांगतो, आपण मान हलवतो. जुलैत गेलात तर कुणी सांगावं लागत नाही. पाणी पन्हळीतून धावताना दिसतं, पोढी भरून वाहते, मधला ओढा दणाणतो. मागच्या लोकांनी पावसाळ्यातले चार महिने तिथं राहायचं कसं आणि उरलेले आठ महिने प्यायचं काय, हे सगळं समोर चालू असतं. मी तिथं एका रविवारी तीन तास नुसता बसून होतो. छत्री उलटी झाली होती.

नाहीतर लालबाग-परळचे गणपतीचे कारखाने. ताडपत्रीखाली वीस-वीस फुटी मूर्ती, अर्ध्याला रंग, अर्ध्या पांढऱ्या, डोळे अजून नाहीत. बाहेर पाऊस आणि आत सुकवायला पंखे लावलेले. हे जानेवारीत दाखवा मला.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं, हा मुद्दा राहिला. त्यावर लेखात एक ओळ आहे: 'रेड अलर्ट असेल त्या दिवशी बाहेर पडू नये.' त्यात सगळं आलं. दोनच दिवस हातात असतील आणि दोन्ही दिवस रेड अलर्ट निघाला तर काय, असं तुम्ही विचारता. असे प्रश्न काढत बसलं तर माणसानं घराबाहेरच पडू नये.

एवढं चिडायला काय झालं, असं वाचकांना वाटेल म्हणून सांगतो. माझे साडू, त्यांची बायको, दोन मुलं, हे माझा लेख वाचून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला निघाले होते. महालक्ष्मीची चार तिकिटं काढली होती. रविवारी सकाळी नऊ वाजता साडूंचा फोन आला: "दाजी, ते साताऱ्याचे गृहस्थ म्हणतायत त्यात तथ्य वाटतंय." तिकिटं रद्द झाली. आता नाताळच्या सुट्टीतली काढलीत. रद्द केल्याचे पैसे कापले गेले ते मी देतो म्हणालो, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

कळावे, लोभ होता तेवढा असावा.

ता. क. गेटवे-मांडव्याची ओळ मूळ लेखात दुरुस्त केली आहे. नारळी पौर्णिमेचीही.