काका, एक फोटो काढता का?

डॉक्टरांनी झपझप चालायला सांगितलंय आणि चालायला समुद्रकिनाऱ्यासारखी जागा नाही, यावर आमच्या घरात एकमत आहे. मतभेद आहेत ते कॅमेऱ्यावरून. बायकोचं म्हणणं असं, की माणसानं एकतर चालावं नाहीतर फोटो काढावेत. दोन्ही करतो म्हणणारा प्रत्यक्षात नुसता उभा असतो. मी तिला समजावतो, की फोटो काढणारा उभा दिसला तरी मनानं तो फार लांबवर चालून आलेला असतो. 'मनानं चालून साखर उतरत नाही,' असं म्हणून ती पुढे निघून जाते. माझ्याकडे तिचे जेवढे फोटो आहेत, ते जवळपास सगळे पाठमोरे आहेत.

निघायचं ते उन्हं कलायला लागली की. डोक्यावरच्या सूर्याचा काही उपयोग नसतो. पाणी नुसतं पांढरं चमकतं आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. सूर्य खाली उतरला की वाळूवरच्या वळ्या, शिंपले, खेकड्यांनी बिळाबाहेर टाकलेल्या गोळ्या, सगळ्यांना सावल्या फुटतात. तिरक्या उजेडाला हवेतून जास्त लांबचा रस्ता कापावा लागतो. वाटेत निळा रंग विखरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा तेवढा पोचतो. हा उजेड अजून किती वेळ पुरेल हे मोजायची जुनी युक्ती आहे. हात लांब करायचा, बोटं आडवी धरायची आणि सूर्य न् पाणी यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते पाहायचं. एक बोट म्हणजे साधारण 15 मिनिटं. पाहणाऱ्याला मात्र मी सूर्याला 'थांब जरा' म्हणतोय असं वाटतं. एकदा लांबवर बाकावर बसलेल्या एका आजोबांनी मलाही हात दाखवला. मग शिष्टाचार म्हणून मला त्यांच्याशेजारी जाऊन बसावं लागलं आणि एक पूर्ण बोट उजेड वाया गेला.

पण आजोबा परवडले. खरा छळ मांडलाय तो क्षितिजानं.

डोंगराचा फोटो तिरका आला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. झाड वाकडं आलं तर झाडच वाकडं असेल म्हणून लोक सोडून देतात. समुद्राला ती सवलत नाही. अख्ख्या फोटोत एकच सरळ रेघ, आणि तीही अशी, की जगातल्या प्रत्येकाला ती कशी असायला हवी ते पाठ आहे. एका अंशाचा कल म्हणजे 6000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभराहून जास्त पिक्सेलांचा उतार. बघणाऱ्याला मग रंग दिसत नाहीत, लाट दिसत नाही, पक्षी दिसत नाही. उतार तेवढा दिसतो. 'अहो, पाणी सांडेल!' हा विनोद करणारा प्रत्येक जण तो मानवजातीत आत्ताच पहिल्यांदा झाल्याच्या आनंदात करतो.

कॅमेऱ्यात पातळी दाखवणारी रेघ असते. ती हिरवी होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. ती हिरवी झाली, की बटण दाबण्याच्या दाबानंच कॅमेरा पुन्हा कलतो. तिवई वापरा, असं जाणकार सांगतात. हे जाणकार बहुधा खडकावर राहतात. ओल्या वाळूत तिवई उभी केली, की परतणारी लाट तिच्या पायांखालची वाळू ओढून नेते आणि तिवई रुतते. तिन्ही पायांनी सारखी रुतली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. ती एकाच पायानं रुतते. शिवाय सांध्यात गेलेली वाळू पुढे कित्येक महिने, भर दिवाणखान्यातसुद्धा, करकरत राहते. घरी आल्यावर संगणकावर फोटो फिरवून सरळ करता येतो, नाही असं नाही. पण फिरवलं की चारही कोपरे कापावे लागतात, आणि माझ्या फोटोंच्या एका कोपऱ्यात सहसा बायको असते.

याच क्षितिजाला लोक अनंत वगैरे म्हणतात. हिशेब केला तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसणारं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. (हा हिशेब बायकोला ऐकू जाईल असा करू नये. 'मग आज तेवढं तरी चालूया,' असं उत्तर येतं.) लाटेचा फोटो घ्यायला उकिडवं बसलं, डोळे वाळूपासून अर्ध्या मीटरवर आले, की तेच क्षितिज अडीच किलोमीटरवर येतं. म्हणजे मी गुडघे वाकवले की समुद्र दोन किलोमीटरनी आटतो. तो पुन्हा दोन किलोमीटर लांब करताना माझ्या गुडघ्यांतून जो आवाज निघतो, त्यानं जवळपासचे बगळे उडतात, आणि बगळे उडतात तेव्हा माझे दोन्ही हात वाळूत टेकलेले असतात.

बरं, रेघ जमली, गुडघे जमले, तरी उजेड जमत नाही. कॅमेऱ्याची एक श्रद्धा आहे, की जग सरासरीनं मध्यम राखाडी आहे. सूर्य समोर आला की तो घाबरतो आणि सगळंच काळं करून टाकतो, साडेपाचलाच मध्यरात्र. बरं, उजेड वाढवावा, तर पाणी दिसतं आणि आकाश कोरं होतं. या बाबतीत मी मोठ्या परंपरेतला माणूस आहे. गुस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच छायाचित्रकार 1856-57 च्या सुमारास समुद्राची छायाचित्रं घेत होता. तेव्हा काचेवरचं रसायन निळ्या उजेडाला इतकं हळवं असायचं, की समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार जळून जायचं. त्यानं काही चित्रांसाठी सरळ दोन काचा वापरल्या, एक आकाशाची आणि एक समुद्राची, आणि छापताना दोन्ही क्षितिजावर जोडून दिल्या. त्याचं क्षितिज सरळ असायचं यात मला आता काही विशेष वाटत नाही. ते त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेलं होतं. त्याचं 1856 चं जहाजाचं चित्र तर त्या काळी फार गाजलं. भर दिवसा घेतलेलं ते चित्र अनेकांना चांदण्यातलं वाटायचं. समुद्राच्या फोटोवरून वेळ ओळखण्याची माणसाची कुवत तेव्हाही बेताचीच होती.

हल्लीचे फोन दोन काचांचं काम स्वतःच करतात. कमीजास्त उजेडाचे फोटो पाठोपाठ घेऊन ते एकात एक बसवतात. तेवढ्या वेळात लाट थांबत नाही आणि कुत्राही थांबत नाही, त्यामुळे माझ्या एका फोटोत कुत्र्याला पाच पाय आहेत. मालकांना तो इतका आवडला, की त्यांनी मागून घेतला.

उतरत्या सूर्याची पाण्यावर जी चमचमती वाट पडते, तिचा फोटो घेण्याची माझी जुनी इच्छा आहे. ही वाट प्रत्येकाला आपल्याच पायांशी आलेली दिसते, आपण डावीकडे सरकलो तर तीही सरकते. माझ्या वाटेवर एक गृहस्थ फोनवर बोलत उभे असतात. रोज. मी दहा पावलं सरकलो, वाट सरकली, ते तिथेच राहिले; सुटलो म्हणून कॅमेरा डोळ्याला लावावा, तर बोलणं रंगात आलेलं आणि गृहस्थ येरझाऱ्या घालत पुन्हा बरोबर मधोमध. सूर्यानं आणि समुद्रानं मिळून आखलेल्या जागेवर उभं राहून ते कोणाला तरी विचारत असतात, 'पण स्पीड पोस्टानंच का नाही पाठवलं?'

आणि मग ती शेवटची दोन मिनिटं येतात. सूर्याचा खालचा काठ पाण्याला टेकल्यापासून तो पुरता बुडेपर्यंत कमीत कमी दोनेक मिनिटं लागतात, फारशी जास्त नाहीत. सबंध दिवसात मला पाहिजे असतात ती एवढीच. याच मुहूर्तावर मागून आवाज येतो, 'काका, एक फोटो काढता का?'

मोठा कॅमेरा गळ्यात असलेला माणूस ही किनाऱ्यावरची सार्वजनिक सोय असते. त्याचा कॅमेरा कोणालाच नको असतो. कॅमेरा म्हणजे त्याच्या पात्रतेचा दाखला. फोटो त्यांच्या फोनवर काढायचा. परवा एक अख्खं कुटुंब रांगेत उभं राहिलं, आजीपासून कडेवरच्या बाळापर्यंत. सूर्य त्यांच्या पाठीमागे. काढला.

'काका, चेहरे काळे आलेत.'

मी सांगितलं, की उजेड मागून आहे, अशा वेळी आकृत्या काळ्याच येतात, त्यातच मजा असते. आजी म्हणाल्या, 'आम्ही इतक्या लांबून काळं व्हायला आलोय का?' त्यांची शाळकरी नात म्हणाली, 'फ्लॅश मारा ना, काका.' आता समोर धगधगता सूर्य असताना फ्लॅश मारणं हेच शास्त्रशुद्ध उत्तर आहे. त्यानं जवळचे चेहरे उजळतात आणि मागचं आकाश शाबूत राहतं. हे मी तिला सांगणारच होतो, ती आधी बोलली. फोटो उत्तम आला. त्यामुळे तोच पुन्हा बाबांच्या फोनवर, मग आईच्या, मग आत्याच्या फोनवर काढावा लागला. बाळानं प्रत्येक वेळी दुसऱ्याच दिशेला पाहिलं.

मग नातीला सूर्य चिमटीत धरून हवा होता.

सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. हात लांब केला तर करंगळीचा अर्धा भागही त्याला झाकायला पुरतो. एवढीशी वस्तू दुसऱ्याच्या चिमटीत बसवायची म्हणजे, 'हात वर... जरा खाली... अगं, इतका नको,' आणि प्रत्येक सूचना तिच्यापर्यंत पोचेतो सूर्य खाली सरकलेला. ती वाकली, मी वाळूवर आडवा झालो, आजी म्हणाल्या, 'जपून हो, काका.' मला काका म्हणण्याइतक्या त्या माझ्याहून लहान नव्हत्या. शेवटी चिमटीत सूर्य आला. फोटोत पाहिलं तर टिकलीएवढा. क्षितिजाजवळ तो डोळ्यांना केवढा तरी थोरला वाटतो, पण ती सगळी डोळ्यांची फसगत. फोनच्या नेहमीच्या लेन्समध्ये फोटोच्या रुंदीत असे सव्वाशे सूर्य शेजारी शेजारी सहज बसतील. नात म्हणाली, 'एवढुसाच?' जणू मोठा सूर्य मी खिशात घालून उरलेला तिला दिला होता.

तोवर बायको एक फेरी संपवून परत आली होती. मी घाईघाईनं माझा कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिला धरून ठेवायला म्हणून थोडं शास्त्र सांगितलं: आपल्याला सूर्य पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा तो खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो, हवा त्याचा उजेड वाकवून आपल्यापर्यंत आणते, म्हणून तो वर दिसतो.

'म्हणजे नसलेल्या सूर्यासाठी थांबलोय आपण?' ती म्हणाली.

नसलेला सूर्य बुडाला. लोकांनी कपडे झटकले आणि निघाले. खरे रंग यानंतर दहा-वीस मिनिटांनी येतात, ढग खालून पेटतात, हे मला माहीत आहे, पण ते पाहायला घराची दुसरी किल्ली स्वतःकडे असावी लागते. लेन्सवर खारे तुषार वाळून धुकं धरलं होतं. शर्टाच्या टोकानं पुसल्यावर ते सगळीकडे सारखं पसरलं.

रात्री त्यातल्या त्यात बरा एक फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आत्यांचं लगेच उत्तर आलं, 'काय सुंदर सूर्योदय!' मी नम्रपणे कळवलं, की मावळतीचा आहे. त्यांनी लिहिलं, 'नाही रे, नीट बघ, वर येतोय.' दोन मेव्हण्यांनी आत्यांना दुजोरा दिला. फोटोत बाण काढण्याची पद्धत नसल्यामुळे मला काही सिद्ध करता येईना.

सकाळी उठलो तर तोच फोटो तिसऱ्याच एका ग्रुपवरून माझ्याकडे आलेला. एका कोपऱ्यात गुलाब, वर 'शुभ सकाळ', खाली पहाटे उठणाऱ्यांना आयुष्यात काय काय मिळतं याची यादी. मधे कोणीतरी भल्या माणसानं क्षितिजही सरळ केलं होतं. मी तो लगेच डाउनलोड करून घेतला, गुलाबासकट.