चंद्रावर कशाला जाता?

दहावीच्या कुठल्याही पोराला वस्तुमान आणि वजनातला फरक विचारा, धडाधड म्हणून दाखवतं: एक किलोग्रॅममध्ये, दुसरं न्यूटनमध्ये, चंद्रावर वजन एक षष्ठांश. मार्क मिळाले, विषय संपला! अरे, पण चंद्रावर कशाला जाता? मराठवाड्यात काय कमी आहे?

गळीत हंगामात रस्त्यावर उभे राहा. उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरमागं. सपाट रस्ता, सगळा भार चाकांवर. मग जागचं हलायला ट्रॅक्टर एवढा का घुमतो? ब्रेक दाबला तरी मागची ट्रॉली पुढं का रेटते? ते वस्तुमान आहे! भार रस्त्यानं पेलला म्हणून ते कमी होत नाही. त्यात पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. 'ओझं चाकावर आहे, काय होतंय?' म्हणे! माणसं चिरडतात, हे होतंय.

आणि मोंढ्यातला इलेक्ट्रॉनिक काटा? तो सोयाबीनच्या कट्ट्याचा खाली पडणारा जोर, म्हणजे वजन, मोजतो, आकडा मात्र वस्तुमानाचा, किलोत दाखवतो. आणि पृथ्वीची ओढ, म्हणजे गुरुत्वत्वरण, सगळीकडे सारखी नाही: विषुववृत्तावर 9.78, ध्रुवांवर 9.83 मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणून काटा जिथं वापरायचा तिथंच प्रमाणित वजनं ठेवून जुळवावा लागतो. जुन्या तागडीला ही भानगड नव्हती. दोन्ही पारड्यांना ओढ सारखीच. पण शेतकऱ्यानं काट्याच्या पडताळणीचा शिक्का बघायला मागितला की आडतीवर उत्तर काय? 'लई शिकलास का?'

हो, शिकलाय! दाखवा शिक्का!