दहा टक्के म्हणे!

आज दुपारी एचआरच्या बाईंचा मेल आला. बदलीच्या शहरात राहण्याचा खर्च इथल्यापेक्षा १० टक्के जास्त आहे, सबब पगारात १० टक्के वाढ मंजूर. खाली पुरावा म्हणून कुठल्याशा वेबसाइटचा स्क्रीनशॉट: दोन शहरांची नावं, मध्ये बाण आणि ठळक अक्षरात १०%. झालं! माझा अख्खा संसार त्या बाणात मावला.

मी त्याच पानावर गेलो. स्क्रीनशॉट जिथे कापला होता, त्याच्या बरोब्बर खाली दुसरी ओळ होती. भाडं धरून फरक ५५ टक्के. म्हणजे वरचे १० टक्के भाडं वगळून! मी तिकडे राहायला जायचं, पण राहायचं कुठे हा माझा खासगी प्रश्न.

आता माझा हिशोब ऐका. हातात येणारा पगार १०० धरा. ३० भाड्याला जातात, ३० बाकीच्या घरखर्चाला. २० कर्जाचा हप्ता आणि आईवडिलांना पाठवायचे पैसे. उरलेले २० बचत. तिकडे भाडं दुप्पट, म्हणजे ६०. घरखर्च १० टक्क्यांनी वाढून ३३. हप्ता आणि आईवडिलांचे २० तेवढेच, कारण मी कुठल्या शहरात झोपतो याच्याशी बँकेला काही देणंघेणं नाही. बेरीज ११३. पगार ११०. म्हणजे पगारवाढ मिळून मी दर महिन्याला ३ ने खड्ड्यात, बचत गेली ती वेगळीच, आणि लोक येऊन म्हणणार अभिनंदन!

बरं, मी ५५ टक्के मागत नाहीये. आहे तेवढी बचत टिकवायला मला हातात १३३ लागतात. तो ५५ चा आकडा खर्चावरचा आहे, पगारावरचा नाही. हप्ता आणि बचत शहर बघून फुगत नाहीत. पण या वेबसाइटांवरचं यंत्र काय करतं? पगार टाका, गुणोत्तराने गुणा, हे घ्या उत्तर. शाळेतल्या पोरानेही विचारलं असतं की सगळं का गुणताय. आणि १३३ हे कर कापून हातात यायचे. कराचा दर उत्पन्नाबरोबर चढत असेल, तर वाढीव रकमेवर वरचा दर बसतो, म्हणजे कागदावरची वाढ त्याहून जास्त हवी. हे बाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "सर, सिस्टीममध्ये तसं ऑप्शन नाहीये."

खरा भडका मात्र संध्याकाळी उडाला. एक सहकारी बरोबर उलटा प्रवास करतोय, त्या महागड्या शहरातून इकडे. त्याला आलेल्या मेलमध्ये तीच वेबसाइट आणि तीच दोन शहरं, पण आकडा मात्र भाडं धरून काढलेला! "नवीन शहर ३५ टक्के स्वस्त आहे, आम्ही फक्त २० टक्के पगार कमी करतोय, म्हणजे तुमचा फायदाच." (५५ टक्के महाग उलटं केलं की ३५ टक्केच स्वस्त होतं, ते गणित बरोबर आहे. शंभराचे १५५ आणि १५५ चे शंभर, पाया बदलला.) जाणाऱ्याला भाडं वगळून, येणाऱ्याला भाडं धरून. दोन्हीकडून कात्री आमच्याच खिशाला! याला योगायोग म्हणायचं?

आणि हे काही आज निघालेलं कोडं नाही. लास्पेअर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये जुनी टोपली, म्हणजे आधी काय आणि किती घेत होतो ती यादी, धरून किमतींची तुलना मांडली, पाशे या दुसऱ्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये नवी टोपली धरून, आणि दोघांची उत्तरं सहसा जुळत नाहीत. कारण जागा बदलली की माणूस टोपलीच बदलतो. इथे मी ऑफिसला चालत जातो, तिकडे गाडी लागेल किंवा रोज दीड-दोन तास रेल्वेत जातील. वेबसाइटच्या यादीत बसचं तिकीट आहे, माझे दीड तास कुठल्या ओळीत आहेत? कोन्युस या रशियन अर्थशास्त्रज्ञाने १९२४ मध्येच मुद्द्याचा प्रश्न विचारला होता: तेवढंच समाधान मिळायला दुसरीकडे किती खर्च येईल? शंभर वर्षं झाली, आमची गाडी अजून बाणावरच.

मर्सर किंवा इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या सल्लागार कंपन्यांच्या महागड्या शहरांच्या याद्याही बातमीत येतात आणि जो तो त्या तोंडावर फेकतो. अहो, त्या प्रामुख्याने परदेशी पाठवायच्या नोकरदारांचे भत्ते ठरवायला काढतात! न्यूयॉर्क म्हणजे १०० धरून. डॉलरचा भाव हलला की शहर वरखाली होतं, तिथे राहणाऱ्याचं एक बिलही बदललेलं नसताना. त्यावरून माझ्या आईच्या औषधांचा खर्च कसा कळणार?

भाड्याच्या 'सरासरी'बद्दल तर बोलायलाच नको. दहा वर्षं एकाच घरात टिकलेल्या भाडेकरूचा आकडा आणि आज जाहिरातीत दिसणारा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक. मला कुठला लागू होणार? आजचाच ना! शिवाय डिपॉझिट, सामान हलवण्याचा खर्च, अर्ध्या वर्षात मुलांची शाळा बदलणं. आणि बायकोची नोकरी. ती इथेच सुटणार. घरात येणाऱ्या दोन पगारांतला एक बंद होतोय आणि यांचा बाण म्हणतो दहा टक्के.

वर नातेवाईक आहेतच, उंटावरचे शहाणे. "तिकडे पगार केवढे असतात!" असतात. माझा नाहीये.

उद्या सकाळपर्यंत होकार-नकार कळवायचाय. एक्सेलची फाइल जोडतोय, एकेक ओळ भरून, खाली ११३ लाल रंगात. ती कोणी उघडणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून मेलच्या वर स्क्रीनशॉटही लावलाय. त्यांचाच. फक्त या वेळी खालची ओळ न कापता.