‘डॉक्टरकीचं कर्ज बिनधास्त घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजचा हिशेब

नीटचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘एमबीबीएसचं शैक्षणिक कर्ज म्हणजे फुकटचा पैसा. शिकत असेपर्यंत व्याज नाही. साडेसात लाखांपर्यंत जामीन नाही. जे काही व्याज भराल ते सरकार टॅक्समधून परत देतं. शिष्यवृत्त्या फक्त राखीव प्रवर्गाला, त्यांच्या मागे वेळ घालवू नका. मिळेल तेवढं कर्ज उचला, उरलेले पैसे एसआयपीत टाका. मुलगा डॉक्टर झाला की दोन वर्षांत सगळं फिटतं.’

मुंबईतल्या एका बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. हा मेसेज मोबाइलवर उघडून टेबलावर ठेवणारे पालक दर मोसमात भेटायचे. शैक्षणिक कर्जाला माझा विरोध नाही. पगारावर चालणाऱ्या घरातल्या मुलाला खासगी कॉलेजात जायचं तर बहुतेक वेळा दुसरा रस्ताच नसतो. पण या मेसेजच्या भरवशावर सही करू नये, आणि का करू नये ते ओळीओळीने सांगायला हवं.

‘शिकत असेपर्यंत व्याज नाही.’ शिकत असेपर्यंत हप्ता नसतो. व्याज पहिली रक्कम कॉलेजच्या खात्यात गेली त्या दिवसापासून चालू होतं. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि बँका त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत देतात. म्हणजे साडेसहा वर्षं व्याज साठत जातं. या काळात ते बहुतेक ठिकाणी सरळव्याजाने मोजतात, चक्रवाढ नाही, एवढाच दिलासा. मुदत संपली की साठलेलं व्याज मुद्दलात मिळवतात आणि त्या बेरजेवर हप्ता बांधतात.

आकड्यांत बघू. समजा कर्ज २० लाखांचं, दरवर्षी ४ लाख अशा पाच टप्प्यांत उचललं आणि व्याजदर १० टक्के. पहिल्या ४ लाखांवर साडेसहा वर्षं व्याज, दुसऱ्यावर साडेपाच, असं करत शेवटच्या टप्प्यावर अडीच वर्षं. सगळं मिळून ९ लाख. हप्ते सुरू होतात तेव्हा डोक्यावर २० नाही, २९ लाख असतात. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ३१ हजारांच्या थोडा वर जातो आणि शेवटपर्यंत ५६ लाख भरून होतात. वीस लाख घेतले होते.

याच हिशेबाची दुसरी बाजू त्या मेसेजमध्ये कधीच नसते. पहिल्या वर्षी ४ लाखांवरचं व्याज महिन्याला ३,३३३ रुपये होतं. घरातून तेवढं दरमहा भरत गेलात, आणि पुढे वाढत जाईल तसं भरलंत, तर हप्ते सुरू होताना कर्ज २० लाखांवरच थांबतं आणि पंधरा वर्षांचा हप्ता साडेएकवीस हजारांत बसतो. शिक्षण चालू असताना व्याज नियमित भरणाऱ्याला अनेक बँका व्याजदरात १ टक्का सूटही देतात, पण ती मागावी लागते. पाचव्या वर्षी हे व्याज महिन्याला साडेसोळा हजारांच्या पुढे जातं आणि तेव्हा ते प्रत्येक घराला झेपेल असं नाही. नाही झेपलं तर अर्धं भरा. जेवढं भराल तेवढं मुद्दलात चढत नाही.

लालबागचे एक काका आठवतात. मुलीला खासगी कॉलेजात सीट मिळाली होती.

“मॅडम, व्याज आत्ता नाही ना?”

“काका, आत्तापासूनच आहे. तुम्ही आत्ता भरायलाच हवं असं नाही, एवढंच.”

त्यांनी मंजुरीपत्र माझ्यापुढे सरकवलं. दुसऱ्या पानावर, छोट्या अक्षरांत, ‘सवलतीच्या काळातील व्याज मुद्दलात जमा केले जाईल’ अशा अर्थाची ओळ होती. मी तिच्याखाली पेनाने रेघ मारून दिली. त्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली आणि विचारलं, “मग महिन्याला तीन-साडेतीन हजार टाकत गेलो तर चालेल?” का नाही चालणार? तशी स्थायी सूचना, म्हणजे दरमहा पैसे आपोआप वळते करायची, खात्यावर लावता येते.

एक गोष्ट मात्र मेसेजच्या बाजूने सांगायला हवी. काहींचं या काळातलं व्याज सरकार खरंच भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडलेल्या संस्थांत शिकणाऱ्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण व्याजाची वेगळी योजना आहे. पण दोन्हीत अटी आहेत, अर्ज करावा लागतो आणि सवलत हप्ते सुरू होईपर्यंतच. आपलं कॉलेज यादीत आहे का, ते आधी बघायचं.

‘जामीन नाही.’ तारण नाही, हे साडेसात लाखांपर्यंत बरोबर आहे. पण आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतातच, आणि त्या दिवसापासून ते कर्ज त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदीवर, दिसतं. डोंबिवलीच्या घराचं कर्ज फिटायचं असेल, किंवा धाकट्याच्या शिक्षणासाठी तीन वर्षांनी पुन्हा बँकेत यायचं असेल, तर याचा विचार आत्ताच करा. आणि एमबीबीएसला साडेसात लाखांत भागतं कुणाचं? सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातल्या मुलाचं भागू शकेल. खासगीत नाही. नवी मुंबईतल्या अभिमत विद्यापीठांची फी वर्षाला २० लाखांच्या पुढे आहे, तिथे बँका बहुतेक वेळा तारण मागतात.

‘व्याज टॅक्समधून परत.’ परत काहीच मिळत नाही. ज्याला सगळे ८०ई म्हणून ओळखतात त्या तरतुदीत भरलेलं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर रुपयाच्या व्याजावर वीस पैशांच्या आसपास वाचतात, तीस टक्क्यांत तीस. बाकीचा रुपया खिशातूनच जातो. ही वजावट फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही. व्याज भरायला सुरुवात केल्या वर्षापासून आठच वर्षं. आणि फक्त जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते. वडिलांच्या ऑफिसने त्यांना त्यातच धरलं असेल आणि त्यांनी जुनी निवडली नसेल, तर वजावट शून्य.

‘शिष्यवृत्त्या फक्त राखीव प्रवर्गाला.’ या ओळीने सगळ्यात जास्त नुकसान केलंय, कारण ती वाचून लोक अर्जच करत नाहीत. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला असेल तर शिक्षण शुल्काचा अर्धा भार सरकार उचलतं. मुलींसाठी तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गात, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, दरवर्षी नव्याने भरायचा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. जून-जुलैत सेतू केंद्रांवर एवढी गर्दी असते की तो आधीच काढून ठेवलेला बरा. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या वर्षाच्या ४ लाखांतले दीड-दोन लाख असे सुटले, तर त्यावरचं साडेसहा वर्षांचं व्याजही सुटलं.

‘उरलेले एसआयपीत टाका.’ उरत नाही. फी बँक थेट कॉलेजला पाठवते, हॉस्टेल आणि पुस्तकांचे पैसे पावत्यांवर मिळतात. उरवायचे तर खोट्या पावत्या दाखवाव्या लागतात; तसं सुचवणारा मेसेज पुढे पाठवताना लोकांना काही वाटत नाही, याचंच मला नवल वाटतं.

‘दोन वर्षांत फिटतं.’ वरचेच २९ लाख दोन वर्षांत फेडायचे तर महिन्याला १ लाख ३३ हजारांच्या वर हप्ता येतो. परळ-दादरच्या नर्सिंग होममध्ये आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, असलेल्या एखाद्या ओळखीच्या डॉक्टरला पगार विचारून बघा. शिवाय एमबीबीएसनंतर थेट नोकरी कितीजण करतात? बहुतेकांना नीट-पीजी द्यायची असते. त्यासाठी एखादं वर्ष जातं, मग एमडी-एमएसची तीन वर्षं. रेसिडेंटला विद्यावेतन मिळतं आणि त्यातून हप्ता निघूही शकतो, पण खोलीभाडं, घरी पाठवायचे पैसे सगळं त्यातूनच. सरकारी आणि महापालिका कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांवर एक वर्षाच्या सेवेचा बाँड असतो. बँकेची सवलत मात्र यातल्या कशासाठी आपोआप वाढत नाही. इंटर्नशिप संपल्यावर वर्षभरात पहिला हप्ता येतो, मुलगा पीजीच्या लायब्ररीत असो की गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. पीजीला प्रवेश मिळाल्यास मुदतवाढ मिळते का आणि तेव्हा व्याज कसं धरतात, हे मंजुरीआधी शाखेकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू तेव्हा’ चालत नाही. सहा वर्षांनी तो मॅनेजर त्या शाखेत नसतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबातच नाही: पहिल्या वर्षाची फी. कॅप राउंडची यादी लागल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस मिळतात आणि कर्ज मंजूर व्हायला त्याहून जास्त लागतात. तेवढ्या दिवसांसाठी मामाकडून, पीएफमधून किंवा सोन्यावर पैसे उभे करावे लागतात. भरलेल्या फीची पावती दाखवल्यावर बँक ती रक्कम परत देते का आणि किती दिवसांपूर्वीची पावती चालते, हे प्रवेश हातात यायच्या आधी विचारून ठेवा. आणि डीडी कॉलेजच्या ज्या नावाने काढायचा ते नाव माहितीपुस्तिकेतून अक्षर न अक्षर उतरवून घ्या. शेवटच्या दिवशी चुकीच्या नावाचा डीडी घेऊन परळहून बँकेत धावत आलेले पालक मी पाहिलेत.